गोव्याहून परतल्यावर अकराव्या दिवशी

प्रश्न: मी 26 वर्षांची, अविवाहित, पुण्यात नोकरी करते. 25 ते 29 डिसेंबर मित्रमैत्रिणींबरोबर गोव्याला गेले होते. पाळी 28 दिवसांनी नियमित येते. शेवटची 1 डिसेंबरला आली होती. पुढची ट्रिपमध्ये नको म्हणून 26 पासून पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या आणि 29 ला बंद केल्या. 27 च्या रात्री ग्रुपमधल्या एका मुलाशी संबंध आला. कंडोम होता, पण त्याने तो मध्येच काढला हे मला नंतर कळलं. 29 ला सकाळी आय-पिल घेतली. 1 जानेवारीपासून तीन दिवस रक्तस्राव झाला, नेहमीपेक्षा कमी. 3 तारखेपासून लघवीला जळजळ आहे, खाज आहे. घरी दोनदा टेस्ट केली, निगेटिव्ह आली. दिवस राहिले असतील का? एचआयव्ही झाला असेल का? डॉक्टरकडे जायची हिंमत होत नाही. (7 जानेवारी)

उत्तर (8 जानेवारी):

आधी तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगते, कारण तिची मुदत परवा संपते आहे. लहानपणी तुम्हाला हेपॅटायटिस बी, म्हणजे बी प्रकारच्या काविळीची लस दिली होती का? आज रात्री आईला फोन करा आणि लसीकरणाचं जुनं कार्ड शोधायला सांगा. कारण विचारलं तर ऑफिसच्या मेडिकलसाठी हवंय म्हणा. ही लस देशभरच्या सरकारी कार्यक्रमात 2011 च्या सुमारास आली. तुमच्या वयाच्या मुलामुलींना खासगी बालरोगतज्ज्ञांनी दिली असेल तरच मिळालेली असते, आणि पुष्कळांना मिळालेली नसते. हा विषाणू संबंधातून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, फार तर 14 दिवसांच्या आत पहिला डोस घेतला तर लागण टळण्याची चांगली शक्यता असते. तुमचे 14 दिवस 10 जानेवारीला भरतात. तीन डोस पूर्ण झाल्याची नोंद कार्डावर सापडली तर प्रश्न मिटला. कार्ड नाही सापडलं तर उद्याच पहिला डोस घ्या, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. आधी घेतलेली असली आणि पुन्हा घेतली गेली, तरी काही अपाय नाही.

आता गर्भधारणेकडे वळू. तुमच्या सगळ्या तारखा मी कागदावर मांडून पाहिल्या. 28 दिवसांच्या नियमित चक्रात बीज पाळी येण्याच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं, म्हणजे तुमच्या बाबतीत 15 डिसेंबरच्या आसपास. सुटलेलं बीज जास्तीत जास्त एक दिवस टिकतं. शुक्राणू पाचेक दिवस जगतात, पण ते बीज सुटायच्या आधी पोचलेले असले तरच त्यांचा उपयोग. तुमचा संबंध आला 27 डिसेंबरला, चक्राच्या सत्ताविसाव्या दिवशी. बीज बारा दिवसांपूर्वीच येऊन गेलेलं होतं. त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता फारच कमी आहे. शून्य म्हणत नाही, कारण धावपळ, जागरण, आजारपण यांनी बीज सुटणं कधी कधी पुढे ढकललं जातं आणि ते बाहेरून कळत नाही.

मात्र यात पाळी लांबवायच्या गोळ्यांचा वाटा नाही, हे नीट लक्षात घ्या. त्या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळीच्या तीन दिवस आधी सुरू केल्या की गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतात, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत ते सुटून रक्तस्राव होतो. एवढंच त्यांचं काम. अशा पद्धतीने घेतलेल्या या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत. आपल्याकडे गौरी-गणपती, सत्यनारायण, घरचं लग्नकार्य आलं की केमिस्टकडून या गोळ्या सहज आणल्या जातात. आई मुलीला देते, जाऊ जावेला देते, आणि आता ट्रिपच्या बॅगेतही त्या असतात. "गोळ्या चालू होत्या ना डॉक्टर, मग कसं झालं?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो. तुम्हाला तुमच्या तारखांनी सांभाळलं, गोळ्यांनी नाही. आणखी एक, यापुढे त्या घ्याव्याशा वाटल्या तर डॉक्टरांना विचारून घ्या. पायाच्या शिरेत गाठ झालेली असेल किंवा घरात कुणाला तसा त्रास असेल, तर त्या जपून वापराव्या लागतात.

आय-पिल, म्हणजे संबंधानंतर घ्यायची इमर्जन्सी गोळी, तुम्ही तीसेक तासांनी घेतलीत. 72 तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी चांगली, त्यामुळे तुमच्याकडे तेव्हा जी माहिती होती तिच्या आधारे तुम्ही योग्यच केलंत. तिच्यातलं लेव्होनॉर्जेस्ट्रेल बीज सुटणं लांबवतं. बीज आधीच सुटून गेलं असेल तर ती फारसं काही करत नाही, आणि रुजलेल्या गर्भालाही धक्का लावत नाही. त्या गोळीने पुढे मूल होणार नाही, पिशवी खराब होते, असं मैत्रिणी सांगतात. ते खरं नाही. पुढची पाळी मात्र आठवडाभर मागेपुढे होऊ शकते.

इतर वाचकांसाठी इथेच सांगून टाकते. गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. वजन 70 किलोच्या वर असेल तर तिचा परिणाम कमी होऊ शकतो. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरची काही औषधं चालू असतील तरही कमी होतो. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. तांबी म्हणजे दोन मुलं झाल्यावरची गोष्ट, हा समज आता सोडायला हवा. मूल न झालेल्या बाईलाही ती बसवता येते.

1 तारखेचा रक्तस्राव बहुतेक दोन्ही गोळ्यांतलं हार्मोन एकदम थांबल्यामुळे झाला, म्हणून तो कमी होता. इंटरनेटवर "गर्भ रुजताना डाग पडणं" वाचून तुम्ही घाबरला असाल. तारखांशी ते जुळत नाही. तरीही रक्त गेलं म्हणजे दिवस राहिलेच नाहीत, असा दाखलाही मी देणार नाही. दाखला टेस्टनेच मिळतो आणि तुमच्या दोन्ही टेस्ट फार लवकर झाल्या आहेत. ही टेस्ट जे हार्मोन शोधते, ते गर्भ रुजल्यावरच लघवीत दिसू लागतं. संबंधानंतर 21 दिवसांनी केलेल्या टेस्टवर विसंबता येतं. तुमचा एकविसावा दिवस 17 जानेवारीला येतो. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर एक टेस्ट करा आणि किटवर लिहिलेल्या वेळेतच बघा. तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नसते. तोवर रोज एक किट आणू नका. रोजची निगेटिव्ह रेघ तुम्हाला तासभरच धीर देईल.

समजा पॉझिटिव्ह आली, तर काय? 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली बदल झाला आणि गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणात "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" यांच्या जागी "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आले. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही 24 आठवड्यांपर्यंत तोच हक्क असल्याचं स्पष्ट केलं. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 18 वर्षांवरच्या स्त्रीला फक्त स्वतःची सही लागते, आईवडिलांची नाही, त्या मुलाचीही नाही. तुमचं नाव उघड करणं डॉक्टरसाठी गुन्हा आहे. सुरुवातीचे नऊ आठवडे गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

हे शेवटचे शब्द मी का लिहिते ते सांगते. काही वर्षांपूर्वी रात्री अकराला एका मुलीला मैत्रिणींनी रिक्षातून आणलं. केमिस्टकडून गर्भपाताच्या गोळ्या आणून खोलीवरच घेतल्या होत्या. रक्त गेलं, म्हणून झालं असं तिला वाटलं. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत होता. ती नळी फुटून पोटात रक्त साठलं होतं. आम्ही तिला वाचवलं, नळी वाचली नाही. गोळ्यांच्या आधी एक सोनोग्राफी झाली असती तर हे आधीच दिसलं असतं. ती मुलगी सोनोग्राफीला गेली नव्हती, कारण तिला कुणीतरी "मिस्टर आले नाहीत का?" विचारेल याची भीती होती. त्या प्रश्नाचा राग मला अजून आहे. पाळी चुकलेली असताना एका बाजूला पोटात तीव्र कळ, चक्कर, खांद्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हे प्रत्येक मुलीला माहीत हवं.

तुमच्या जळजळीविषयी. ही 17 तारखेपर्यंत थांबवायची गोष्ट नाही. संबंधानंतर आठवड्याभरात लघवीचा जंतुसंसर्ग होणं फार नेहमीचं आहे. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जवळचेच जंतू आत ढकलले जातात. नव्या लग्नानंतर हा त्रास किती जणींना होतो हे कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा. त्यात समुद्र, स्विमिंग पूल, दिवसभर अंगावर ओला स्विमसूट, पाणी कमी पिणं. या दमटपणाने बुरशीही वाढते. खाज आणि दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा स्राव असेल तर बहुधा तीच. स्विमिंग पूलच्या पाण्याने गुप्तरोग होत नाहीत, दिवसही राहत नाहीत. मात्र हीच जळजळ गोनोरिया किंवा क्लॅमिडिया या संबंधातून पसरणाऱ्या आजारांचीही असू शकते, आणि लक्षणं वाचून घरबसल्या यातला फरक कुणालाच करता येत नाही, मलाही नाही. लघवीची तपासणी, कल्चर आणि योनीमार्गातल्या स्रावाचा स्वॅब, एवढ्यावर उत्तर मिळतं.

केमिस्टकडे "खाज आहे" म्हटलं की तीन-चार गोळ्यांचं एक पाकीट पुढे येतं, एकदाच सगळ्या घ्या म्हणून. ते घेऊ नका. त्याने गोनोरिया नीट बरा होत नाही, क्लॅमिडियाला आता एका डोसपेक्षा सात दिवसांचं औषध जास्त चांगलं मानतात, आणि अर्धवट औषधानंतर केलेली तपासणी खोटा दिलासा देते. शिवाय काही औषधं गर्भ असताना चालत नाहीत. तुमची 17 ची टेस्ट अजून व्हायची आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.

"गुप्तरोग" हा शब्द आपण रेल्वे स्टेशनजवळच्या भिंतींवर वाचत मोठे झालो. त्या शब्दाने दोन नुकसानं केली. एक, या आजारांना लाज चिकटली. दुसरं, हे पुरुषांचे आणि दिसणारे आजार आहेत असं वाटायला लागलं. खरी परिस्थिती अशी की क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. जंतू गुपचूप गर्भनलिकांपर्यंत चढतो, सूज येते, नळ्या चिकटतात. पाच-सात वर्षांनी लग्न होतं, मूल राहत नाही, लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, नळ्या बंद दिसतात. वेळेत सापडला असता तर आठवडाभराच्या गोळ्यांत बरा झाला असता, हे त्या टेबलापाशी उभं राहून मला अनेकदा वाटलेलं आहे. म्हणून तुमच्या पत्रात एचआयव्हीचं नाव दोनच शब्दांत असलं तरी सगळी भीती त्याच्याभोवती आहे हे दिसत असताना, मी क्लॅमिडिया आणि गोनोरियाकडे बोट दाखवते. संबंधानंतर दोन आठवडे झाले की स्वॅबवरची नॅट, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी विश्वासाची ठरते. म्हणजे 10 तारीख. तुम्हाला त्रास होतोय म्हणून उद्या गेलात तरी चालेल. निगेटिव्ह आली आणि त्रास राहिला तर पुन्हा करू. ओटीपोटात दुखणं, ताप, दुर्गंधीचा स्राव यातलं काही सुरू झालं तर त्याच दिवशी जायचं.

एचआयव्हीबद्दल स्पष्ट बोलते. संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची औषधं असतात, त्यांना पेप म्हणतात, आणि ती लागण मोठ्या प्रमाणात टाळतात. तुमची ती मुदत 30 डिसेंबरला रात्री संपली. आता त्याची चुटपुट लावून घेऊ नका, पण मैत्रिणींना हा आकडा सांगा. आय-पिलचे 72 तास सगळ्यांना ठाऊक आहेत, पेपचे फार थोड्यांना.

धोका किती? भारतातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. जोडीदाराला लागण असेलच असं धरलं, तरी स्त्रीला योनीमार्गातून एका असुरक्षित संबंधात लागण होण्याची शक्यता दहा हजारांत आठच्या घरात असते. हे दोन्ही एकत्र केलं की भीतीचा आकार आपोआप कमी होतो. तपासणी मात्र करायचीच. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) तपासणी 45 दिवसांनी निगेटिव्ह आली की विषय संपतो. तुमचा दिवस 10 फेब्रुवारी. बोटातल्या थेंबावरची झटपट चाचणी केलीत तर ती तीन महिन्यांनी, 27 मार्चनंतर पुन्हा करा. मधल्या काळात कंडोमशिवाय संबंध नको. आणि रक्तदान शिबिरात जाऊन "तपासून तर होईल" असं करू नका. पहिल्या काही दिवसांत लागण कुठल्याच तपासणीत दिसत नाही, आणि ते रक्त कुणाला तरी चढवलं जातं. जानेवारीत सर्दीताप सगळ्यांनाच होतो. दोन-चार आठवड्यांत तसा ताप, अंगावर पुरळ, मानेत गाठी आल्या तर डॉक्टरांना दाखवा, पण त्यावरून निदान करू नका.

10 फेब्रुवारीच्या त्याच रक्तात सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि हेपॅटायटिस बी, सी तपासून घ्या. सिफिलिसची पहिली खूण म्हणजे न दुखणारा फोड. बाईला तो आतल्या बाजूला येतो, दिसत नाही आणि आपोआप भरतोही. आजार तसाच आत राहतो. वेळेत कळला तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनवर बरा होतो. व्हीडीआरएल तीन महिन्यांनी आणखी एकदा करावी.

आता तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलात त्या गोष्टीकडे परत येते. तुम्ही कंडोमसह होकार दिला होता. त्याने तो न सांगता काढला. तो होकार या गोष्टीला नव्हता. तुमच्या अख्ख्या पत्रात "माझीच चूक" असा सूर आहे, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. तुम्ही ट्रिपला गेलात, तुम्हाला तो आवडला, कदाचित थोडी प्यायलाही असाल, यातलं काहीही त्याच्या कृतीचं कारण होत नाही. याविषयी कुणाशी बोलायचं असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे. तक्रार करायची की नाही हा निर्णय पूर्ण तुमचा, आणि आज घ्यायलाच हवा असं नाही.

त्याला एक मेसेज मात्र पाठवावा असं मला वाटतं, तुम्हाला सुरक्षित वाटत असेल तरच. भांडण नको, स्पष्टीकरण नको. "27 तारखेला तू कंडोम काढलास. मी तपासण्या करून घेते आहे. तूही एचआयव्ही, व्हीडीआरएल, हेपॅटायटिस बी, गोनोरिया आणि क्लॅमिडिया तपासून रिपोर्ट पाठव." एवढं पुरे. तो रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तुम्हाला धीर मिळेल, पण तुमच्या तपासण्या तरीही करायच्या. आणि तुमचं काही पॉझिटिव्ह आलं तर त्याला कळवणं आवश्यक आहे.

राहिली डॉक्टरकडे जाण्याची हिंमत. तुमची भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. कपाळाकडे आणि गळ्याकडे बघून उत्तर ठरवणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडून रडत आलेल्या मुलीही. पण पर्याय आहेत. सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी "सुरक्षा क्लिनिक" असतं. एचआयव्हीची मोफत तपासणी आणि समुपदेशन आयसीटीसी केंद्रात होतं. पुण्याच्या ससून रुग्णालयात ही सोय आहे. तिथे समुपदेशकाशी बोलणं आधी होतं, रक्त नंतर. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट कुणाला सांगता येत नाही. जवळचं केंद्र कळायला 1097 वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

खासगीत जायचं असेल तर फोनवरच विचारा, "अविवाहित आहे, एसटीआयची तपासणी करायची आहे, डॉक्टर करतात ना?" एसटीआय म्हणजे संबंधातून पसरणारे आजार. रिसेप्शनच्या आवाजावरून कळतं जायचं की नाही. आत गेल्यावर सगळी गोष्ट सांगायची गरज नाही. हे वाक्य तसंच म्हणा: "27 डिसेंबरला असुरक्षित संबंध आला, 29 ला इमर्जन्सी गोळी घेतली, 3 तारखेपासून लघवीला जळजळ आहे, हेपॅटायटिस बीची लस हवी आहे." यात डॉक्टरला लागणारं सगळं आहे. लग्नाबद्दल विचारलं तर "उपचारासाठी त्याची गरज आहे का?" असं शांतपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आतली तपासणी करायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं, नको असेल तर नाही म्हणा. क्लॅमिडियाचा स्वॅब बाईला स्वतःलाही घेता येतो.

तिथे गेलातच तर एचपीव्हीच्या लसीबद्दलही विचारा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या विषाणूवरची सर्व्हाव्हॅक ही लस आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि ती 26 वर्षांपर्यंत देतात. संबंध आलेला असला तरी तिचा काही उपयोग उरतोच.

उद्या सकाळी निघताना पोट रिकामं ठेवायची गरज नाही. पाणी भरपूर प्या, पण निघण्याआधीचे दोन तास लघवी करू नका, म्हणजे नमुना चांगला मिळेल. आईने कार्डाचा फोटो पाठवला तर तो मोबाइलमध्ये असू द्या. 17 ची टेस्ट झाली की मला कळवा. पॉझिटिव्ह असली तरी, निगेटिव्ह असली तरी.